"सुनेनं भाकर नाही देल्ली" म्हणणारा बुढा खोटं बोलत नसते

दोन वर्षांआधीची गोष्ट आहे, तुरी सोंगायचे दिवस होते. मी चक्कीवरून दळण घेऊन येत होती आणि पारावर आमचे मामाजी बसले होते (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात), बाजूला चारपाच बुढे, आणि मामाजी एकदम शांतपणे सांगून राहिले होते, "दोन दिस झाले, सुनेनं भाकर नाही देल्ली." मिशीला वरण लागलेलं होतं हो त्यांच्या. अर्ध्या तासाआधी मीच वाढलं होतं, दोन भाकरी, वरण, वांग्याची भाजी, वरून ताक. पण पारावरच्या लोकांनी मिशी नाही पाहिली, मला पाहिलं.

त्या रात्री घरात तमाशा झाला. आमचे हे बापावर ओरडले की खोटं काऊन बोलता, मामाजींनी गजानन महाराजांच्या फोटोकडे हात करून शपथ घेतली की मी जेवलोच नाही, मी रडली, सासूबाई दोघांच्या मधात उभ्या. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत कोणीच खोटं बोलत नव्हतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला पुढचं वर्ष गेलं, म्हणून आता लिहून राहिली, तुमचं वर्ष वाचलं तर वाचलं. मी डॉक्टर नाही, अंगणवाडीत आहे. लेकरांच्या मेंदूची वाढ कशी होते त्याचं ट्रेनिंग आम्हाला दहा वेळा झालं, म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचं काय होते ते मात्र कोणी एकदाही सांगितलं नाही.

तर डिमेन्शिया. मराठीत स्मृतिभ्रंश लिहितात, गावात म्हातारचळ म्हणतात, कोणी म्हणते बुढा चळला. पहिली गोष्ट ही की डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, जसा ताप. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, डेंग्यूचा असतो, तसं विसरणं, गोंधळणं, रोजची कामं न जमणं, स्वभाव बदलणं हे सगळं मिळून जे दिसते ते डिमेन्शिया, आणि त्याच्या मागचा आजार वेगवेगळा असू शकते. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे अल्झायमर, दर दहा पेशंटांत सहा-सात त्याचेच. दुसरी गोष्ट, साठी बुद्धी नाठी ही म्हण चुकीची आहे. २०२३ मध्ये देशभराच्या सर्व्हेवरून जो अंदाज आला त्यात साठीच्या वरच्या माणसांपैकी साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख, आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त, बायांत पुरुषांपेक्षा जास्त. आकडा मोठा आहेच, पण उलटं पाहा, शंभरातल्या नव्वदच्या वर म्हाताऱ्यांना डिमेन्शिया नाही. म्हणून "वय झालं, असंच होते" हे उत्तर कोणी दिलं तर ऐकून घेऊ नका, मग ते शेजारच्या काकूंनी देवो की दवाखान्यात बसलेल्यानं.

आता डोक्यात होते काय ते माझ्या पद्धतीनं सांगते. वावराची सातबारा कशी असते, जुन्या नोंदी पक्क्या, पण नवीन काही झालं की तलाठ्याकडे फेरफार टाकावा लागतो आणि तो मंजूर झाला तरच नवीन नाव चढते. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे एक-एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला, तो म्हणजे हा फेरफाराचा टेबल समजा. सकाळी काय खाल्लं, कोण आलं, गोळी घेतली का नाही, सगळं आधी त्या टेबलावर येते. अल्झायमरमध्ये सहसा सगळ्यात आधी हाच टेबल बंद पडते. मग माणूस पोटभर जेवला तरी जेवणाचा फेरफार झालाच नाही, त्याच्या सातबाऱ्यावर ते जेवण नाहीच. तो कागद पाहून बोलते, आणि कागदावर नाही म्हणजे झालं नाही. आणि १९७२ चा दुष्काळ, तेव्हाची ती लाल मिलो ज्वारी, रोजगार हमीच्या कामावर फोडलेली गिट्टी, हे मात्र तासभर सांगतील कारण ते रेकॉर्ड कधीच दुसऱ्या कपाटात जाऊन बसलं आहे. लोकांचा इथंच गैरसमज होते, पन्नास वर्षांआधीचं आठवते आणि सकाळचं आठवत नाही म्हणजे बुढा नाटक करून राहिला. नाटक नाही ते.

पुढं त्या रजिस्टरला वाळवी लागते, आणि ती लागते मागच्या पानापासून. म्हणजे सगळ्यात नवीन पान आधी जाते. म्हणून नातू आधी पुसला जाते, मग सून, मग जावई, आणि पोराला माणूस आपला भाऊ समजू लागते कारण त्याच्या डोक्यात आपलं पोर अजून चड्डीत शाळेत जाऊन राहिलं आहे, हा दाढीवाला कोण. मला हे समजलं तेव्हा थोडं हलकं वाटलं. मामाजी मला विसरले ते मी वाईट म्हणून नाही, मी उशिरा आली म्हणून.

वाळवी म्हणजे प्रत्यक्षात काय, तर मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होते, पेशी वाळत जातात. हे पहिल्यांदा जर्मनीतल्या अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरनं पाहिलं, फ्रँकफर्टच्या दवाखान्यात १९०१ मध्ये एक एक्कावन्न वर्षांची बाई आली होती, ती १९०६ मध्ये गेली तेव्हा त्यानं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. म्हणजे हा आजार काही मोबाईलमुळं नाही आला, आणि करणी तर नाहीच नाही. ही पडझड पहिलं लक्षण दिसायच्या पंधरा-वीस वर्षांआधी सुरू झालेली असते, हेही तेव्हाच वाचलं.

दुसऱ्या नंबरचा प्रकार रक्तवाहिन्यांचा. पाटाचं पाणी कुठं अडलं की तेवढाच तुकडा सुकतो, बाकी वावर हिरवं, तसं बीपी-शुगरमुळं मेंदूतल्या बारीक नळ्या बंद होतात आणि तेवढा भाग सुकतो. यात माणूस पुष्कळदा हळूहळू न उतरता पायरीनं उतरतो, महिनाभर तसाच, मग एकदम एक पायरी खाली. बऱ्याच लोकांत हे आणि अल्झायमर दोन्ही मिळून असते. आणखी एक लेवी बॉडी नावाचा प्रकार आहे, त्यात माणसाला नसलेलं दिसते, खोलीत लहान पोरं दिसतात, कुत्रं दिसते, आणि चालणं कंपवातासारखं होते. आमच्या भागात अशा माणसाला सरळ जाणत्याकडे (म्हणजे मांत्रिकाकडे) नेतात, बाहेरचं आहे म्हणून. यात एक गोष्ट लक्षात ठेवाच, अशा पेशंटला डोकं शांत करायचं इंजेक्शन किंवा गोळी, हॅलोपेरिडॉलसारखी, भयंकर त्रास देऊ शकते, म्हणून नसलेलं दिसते हे डॉक्टरला आधी सांगायचं. आणि एक प्रकार असा की त्यात स्मरणशक्ती बरी असते पण स्वभावच बदलते, चांगला लाजरा माणूस चारचौघांत काहीही बोलतो, पन्नाशीतच सुरू होते, आणि लोक म्हणतात पैशाचा माज आला.

आता साधं विसरणं आणि हे, फरक कसा ओळखायचा. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं चालते, मीही विसरते. चष्मा हातात घेऊन हे काय आहे असं पाहणं, ते चालत नाही. आमच्याकडे सगळ्यात आधी हिशोब गेला. मामाजी म्हणजे वेचणाऱ्या बायांच्या कापसाचा किलोवर चुकारा तोंडी करणारा माणूस, त्यांनी एका बाईला एका दिवसात तीन वेळा पैसे दिले. मग एक दिवस रोजच्या पांदणीनं वावरात जाऊन परत येताना दुसऱ्याच्या धुऱ्यावर बसून राहिले. आम्ही म्हटलं ऊन लागलं असंल.

आणि एक सांगते, तपासणीत डॉक्टर विचारतात आज तारीख काय, महिना कोणता. आमच्या मामाजींना चांगले होते तेव्हाही तारीख माहीत नसायची, कोणत्या शेतकऱ्याला असते. म्हणून अंगठेबहाद्दर माणूस अशा परीक्षेत फुकटचा नापास होऊ शकते. यासाठी आपल्या देशात वेगळी परीक्षा बनवलेली आहे, हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी तयार केलेली, हिंदीत आहे, डॉक्टरला ठाऊक असते. तुम्ही घरी विचारायचं असेल तर तारीख नका विचारू. पोळा झाला का व्हायचा आहे, सोयाबीन सोंगून झालं का, आता कपाशीचा कितवा वेचा चालू आहे, हे विचारा. ते चुकलं तर मात्र गडबड आहे.

आम्ही दवाखान्याच्या आधी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगते. एका जाणत्यानं लिंबू उतरवलं, पाचशे रुपये घेतले. मग एका डॉक्टरकडे गेलो, त्यांनी वय झालं म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, मामाजी रात्री झोपेच्या गुंगीत उठले आणि ओसरीवरून खाली पडले, कपाळाला चार टाके. झोपेच्या बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उलटा वाढवतात हे नंतर कळलं. शेवटी अंगणवाडीतल्या मॅडम म्हणाल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या, तिथं मेंदूचे नाहीतर मानसोपचाराचे डॉक्टर पाहतात. आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्राम आहे, १९६९ पासूनचं कॉलेज, नागपूरला मेडिकल आहे, जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. मानसोपचार म्हटलं की आमच्या ह्यांनी तोंड वाकडं केलं, "माह्या बाप पागल आहे का?" नाही ना. पाय मोडला तर हाडाच्या डॉक्टरकडे जातोच.

तिथं गेल्यावर पहिले रक्त घेतलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून वाचा. डिमेन्शियासारखं दिसणारं पण बरं होणारं पुष्कळ काही असते. बी-१२ कमी असणं, थायरॉइड कमी असणं, डिप्रेशन, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त (म्हाताऱ्या माणसात किरकोळ पडण्यानंही साचते आणि महिनाभरानं त्रास देते), काही गोळ्यांचा परिणाम. बी-१२ तर आपल्याकडे हमखास पाहायला पाहिजे, कारण मांस-अंडी न खाणारा माळकरी माणूस, त्यात दूधही बेताचं, आणि वरून वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते आणखी कमी होते. मामाजी माळकरीच. त्यांचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं दिली, पायाच्या मुंग्या गेल्या, अंगात थोडा दम आला. आम्हाला वाटलं डोकंही येईल. डोकं नाही आलं. मग सीटी स्कॅन, मग अल्झायमर हे नाव.

गोळी आहे का? आहे, पण बरं करणारी नाही. डोनेपेझिल नावाची गोळी बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, पुढं १० करतात, काही लोकांना काही काळ जरा उजेड येते, काहींना काहीच नाही, मळमळ-जुलाब होऊ शकतात, नाडी मंद होऊ शकते म्हणून आधी ईसीजी पाहतात. मेमँटिन दुसरी, ती पुढच्या टप्प्यात. जेनेरिकमध्ये दोन्ही मिळतात. ते अमायलॉइड साफ करणारं नवीन इंजेक्शन, लेकानेमॅब, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मंजुरी मिळाली, पण ते फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी, त्यातही आजार थोडा हळू होते इतकंच, आणि मेंदूत सूज नाहीतर रक्तस्राव होऊ शकते म्हणून सारखे एमआरआय. व्हॉट्सॲपवर कोणी डिमेन्शिया मुळापासून घालवणारं चूर्ण पाठवलं तर पैसे वाचवा.

म्हणजे खरा इलाज घरातच, आणि तो बहुतेक वेळा सुनेच्या नाहीतर बायकोच्या गळ्यात.

मला जे शिकायला सगळ्यात वेळ लागला ते बैलांचं. आमची बैलजोडी विकून दहा वर्षं झाली. मामाजी रात्री तीनला उठून गोठ्यात जात, "बैलं कोठी गेले? कोणं सोडले?" मी म्हणायची, मामाजी बैलं विकले ना आपण, ट्रॅक्टर लावतो आता. ते मटकन खाली बसायचे आणि लेकरासारखे रडायचे, कोणाले विकले, खाटकाले तर नाही देल्ले? मी समजवायची, शांत व्हायचे, दहा मिनिटांनी पुन्हा, बैलं कोठी गेले. आणि पुन्हा तेच रडणं, तितकंच ताजं. फेरफार होत नाही ना, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी बैल आत्ताच विकले जात होते. मी खरं बोलायच्या नादात त्या माणसाला एका रात्रीत चार वेळा बैल विकायला लावत होती.

आता मी म्हणते, "चारा टाकला मामाजी, पाणीही पाजलं, बसले आहेत रवंथ करत." मग विचारते, कोणता बैल जास्त चालाक होता हो? आणि ते सुरू होतात, डावीकडचा कसा शंकरपटात पळायचा, आणि बोलता बोलता झोपतात. खोटं आहे का हे? असेल. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नाही, माळकरी घरात खोटं. पण याच्यामागं शास्त्र आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या पेशंटना दुःखाच्या आणि आनंदाच्या सिनेमाचे तुकडे दाखवले होते, थोड्याच वेळात त्यांना आपण काय पाहिलं ते धड आठवत नव्हतं, पण वाईट वाटणं नाहीतर बरं वाटणं तसंच टिकून होतं. म्हणजे तुम्ही सकाळी त्यांच्यावर ओरडलात तर ओरडलं ते विसरतील, जीव घाबरा झालेला तो बराच वेळ तसाच राहील, आणि मग विनाकारण काठी उगारतील आणि आपण म्हणू, पाहा, कारण नसताना.

म्हणून भाकरीचंही तसंच. "आत्ताच तर जेवले" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. भूक लागली म्हटलं की मी म्हणते टाकून राहिली भाकर, तवा तापू द्या, आणि मूठभर मुरमुरे हातात देते. बहुतेक वेळा तेवढ्यात विषय निघून जाते. जेवणाचे दोन हप्ते करून ठेवले, थोडं आता, थोडं नंतर, म्हणजे खरंच मागितलं तर देता येते.

संध्याकाळ सगळ्यात वाईट, हे जवळपास सगळ्या घरांत ऐकाल. दिवेलागणीला मामाजी घरातच बसून म्हणतात, "मले घरी जाचं हाय." हेच घर आहे म्हणून भांडण्यात अर्थ नाही, त्यांना जे घर पाहिजे ते मातीचं होतं, त्यात त्यांची माय होती. आम्ही अंधार पडायच्या आधीच लाईट लावतो, सावल्या पडल्या की घाबरतात म्हणून. आणि हातात काम देतो. हातांची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा वेगळ्या जागी असते आणि उशिरापर्यंत टिकते. मामाजींना माझं नाव येत नाही, पण अंबाडीचा वाख समोर टाकला की मांडीवर पीळ देत देत अशी दोरी वळतात की एक धागा वर नाही. दोरीचं आम्हाला काही काम नाही. कधी कधी मी रात्री ती सोडून ठेवते आणि सकाळी परत देते. खंजिरी भजन लावलं तर अख्खं पाठ, एक शब्द चुकत नाही, आणि भजन संपलं की विचारतात तुम्ही कोणाकडच्या.

आंघोळीवरून मारामारी होत असेल तर डोक्यावर पाणी घालू नका, आधी पायावर कोमट पाणी, लोटा त्यांच्याच हातात, आणि आज काय करायचं असं विचारू नका, एकच वाक्य, "चला मामाजी, पाणी काढलं." एका वेळी एकच गोष्ट सांगायची. कान कमी ऐकतात का ते तपासून घ्या, अर्धा गोंधळ ऐकू न येण्याचा असते.

आता खेड्यातले धोके, जे शहरातल्या माहितीपत्रकात नसतात. पहिला म्हणजे फवारणीचं औषध. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते सगळ्यांना आठवते, पण आजही ते कोठीत, खाटेखाली, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असते. डिमेन्शियाच्या माणसाला बाटली म्हणजे पाणी. कुलूप, आणि चाबी आपल्याजवळ. दुसरं, बिनकठड्याची विहीर. तिसरं, रानडुकरांसाठी लावलेली झटका तार, शेजारच्या धुऱ्यावाल्यांनाही सांगून ठेवा. विळा, मोटरचं स्टार्टर, चुलीजवळची रॉकेलची कॅन, सगळं पाहा. मामाजी एकदा पहाटे जागलीला निघाले, हरभऱ्यात डुकरं आली म्हणून, ती जमीन २००६ मध्येच विकलेली. सापडले पानटपरीवाल्यामुळं. तेव्हापासून बंडीच्या आतल्या खिशावर ह्यांचा फोन नंबर धाग्यानं विणलेला आहे, आणि पानटपरी, एसटी स्टॉप, किराणा दुकान, तिघांना सांगून ठेवलं आहे की बुढा एकटा दिसला तर चहा पाजून बसवायचा आणि फोन करायचा. "कुठं चालले" असं दरडावायचं नाही. लपवून ठेवण्यात काही फायदा नाही, आम्ही वर्षभर लपवलं, त्या वर्षातच गावानं मला भाकर न देणारी ठरवलं.

आणि उन्हाळा. आपल्या विदर्भाचा मे, ४५-४६ डिग्री, त्यात डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागली ते सांगता येत नाही, पाणी प्यायलं का ते आठवत नाही. दर दीड-दोन तासांनी स्वतः ग्लास हातात द्यायचा, ताक, आंबील, पन्हं, काही चालते. एक ओळ भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे, डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढते, एका दिवसात नाही. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, गुंगीत गेला, तर ते लघवीचं इन्फेक्शन, निमोनिया, पाणी कमी होणं, शुगर-सोडियम खाली जाणं, नाहीतर लकवा असू शकते. त्या दिवशी १०८ ला फोन करायचा, "बुढ्याचं तसंच आहे" म्हणून बसायचं नाही.

पैशाचं आणि जमिनीचं. निदान झालं की लवकर घरात सगळ्यांनी बसून बोला, माणसाला अजून समजते आहे तोवर बँकेत दुसऱ्याचं नाव, मृत्युपत्र, वाटणी काय करायची ती त्याच्या मर्जीनं, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन करा. नंतर त्याचा अंगठा कोण कुठं लावून घेईल सांगता येत नाही, आणि घेणारा बाहेरचा असते असंही नाही. यावर जास्त लिहीत नाही, नातेवाईक वाचतात.

नणंदेचं मात्र लिहिते. ती पुण्याहून येते, दोन दिवस राहते, आणि त्या दोन दिवसांत मामाजी असे वागतात की बस, नीट बसतात, हसतात, कशी आहेस बाई विचारतात. ती जाताना मला म्हणते, "वहिनी, बाबा तर ठीकच आहेत, तुम्ही उगाच टेन्शन घेता." ती गाडीत बसली की इकडं धोतर सोडून अंगणात. हे डॉक्टरांनाही ठाऊक असते, पाहुण्यासमोर, दवाखान्यात माणूस थोडा वेळ सगळी ताकद लावून नीट राहते. म्हणून मी मोबाईलवर दोन व्हिडिओ काढून ठेवले, डॉक्टरला दाखवायला. नणंदेलाही दाखवले. पुढच्या वेळी ती आठ दिवस राहिली आणि मी माहेरी जाऊन आठ दिवस नुसती झोपली. सांभाळणाऱ्याला सुट्टी लागते, ती मागून घ्यावी लागते, आपोआप कोणी देत नाही. माझंही बीपी याच काळात निघालं. रात्री डोकं फिरायची वेळ आली तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, आणि म्हाताऱ्यांसाठीचा १४५६७. सत्तरीच्या वर असतील तर उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड निघते, २०२४ पासून, पण ते भरती होण्यासाठी, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

आपल्याला होऊ नये म्हणून काय, हे प्रत्येक जण विचारते. २०२४ मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरकीच्या नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी चौदा कारणं सांगितली, ती सगळी आवरली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू नाहीतर लांबू शकतात. त्यातली आपल्या कामाची म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बिडी, दारू, कमी ऐकू येणं आणि मशीन न लावणं, मोतीबिंदू तसाच ठेवणं, गाडीवरून डोक्यावर पडणं, एकटं पडणं, आणि लहानपणी शाळा न शिकणं. पोरगी शाळेत पाठवली तर सत्तर वर्षांनी तिच्या मेंदूला कामी येते, हे मी आता अंगणवाडीत आयांना सांगते, त्या हसतात.

मामाजी आता जास्त बोलत नाहीत. पातळ कण्या भरवते, मान थोडी पुढं ठेवून, घास गिळला का पाहूनच दुसरा, नाहीतर ठसका लागून अन्न फुप्फुसात जाते. परवा मात्र बरा दिवस होता. स्वतः भाकर कुस्करून खाल्ली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि इकडं-तिकडं कोणी ऐकत नाही ना असं पाहून हळूच म्हणाले, "माये, तू लय चांगली हायेस वो. माही सून जेवाले देत नाही."

म्हटलं, "हो का? सांगते मी तिले."

"नको सांगू," म्हणाले, "लेकरं लहान हायेत तिचे." आणि उरलेल्या भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला.